उभ्या गाडीतला दिवा

बाईंना त्या सकाळी फार काही करायचं नव्हतं. पेट्रोल भरायचं, चाकांतली हवा बघायची आणि येताना लेकीसाठी पुढून बटणं असलेले दोन मऊ गाऊन घ्यायचे, एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं तर गाडी आदल्या दिवशीच तयार हवी, असा त्यांचा शिरस्ता. जिना उतरून त्या घराखालच्या गॅरेजमध्ये आल्या, शटर वर केलं, गाडीत बसून चष्मा नीट केला आणि किल्ली फिरवली. गाडीने नुसतं 'टिक' केलं.

पुन्हा फिरवली. पुन्हा 'टिक', या वेळी जरा जास्तच मरगळलेलं. काट्यांमागचे दिवे मंद लागले आणि विझून गेले.

"गेलीस ना मालकाच्या वळणावर!" बाई गाडीला म्हणाल्या.

बाई म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई. निवृत्त झाल्या तरी अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणत असे. जन्मभर त्यांनी पोरांना वीज शिकवली, पण घरात साधा बल्ब बदलायची त्यांना मुभा नव्हती. पेचकसापासून गाडीपर्यंत सगळं साहेबांच्या ताब्यात. साहेब म्हणजे त्यांचे यजमान. ऑफिसात ते साहेब होते आणि घरात त्याहून मोठे साहेब होते. तोंडात कायम लवंग, बोटात जाड चांदीची अंगठी, आणि बोलून झालं की त्या अंगठीने समोर असेल त्यावर दोनदा ठोकायची सवय. टक, टक. टेबल असो, दार असो, नाहीतर गाडीचा टप असो. ते वाजलं की विषय संपला. त्यानंतर कोणी ब्रसुद्धा काढायचा नाही.

लेकीने जहाजावर नोकरी करणाऱ्या मुलाशी आपल्या पसंतीने लग्न केलं, तेव्हाही तेच झालं. "तिच्या घराचा रस्ता आपल्या गाडीला माहीत नाही," असं म्हणून साहेबांनी टेबलावर ठोकलं. पुढे लेक आजारी पडली. पोटातलं पहिलं मूल राहिलं नाही. त्या वेळी मात्र बाई हटून बसल्या आणि कधी नव्हे ते साहेब "बरं, सकाळी नेतो," म्हणाले. सकाळी गाडी सुरूच झाली नाही. साहेब अगदी हळहळले. "गाडीच बंद पडली, त्याला मी काय करू?" असं म्हणत त्यांनी बॉनेट आपटलं होतं. बाई तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन रडल्या होत्या. साहेबांवर नव्हे, गाडीवर चिडल्या होत्या.

साहेबांना जाऊन आता वर्ष उलटून गेलं होतं. अंगठी बोटात इतकी रुतलेली होती की काही केल्या निघालीच नाही. ती त्यांच्याबरोबरच गेली. बाईंनी दुःख केलं, आणि ते खरं होतं. एवढ्या वर्षांची सवय तुटते तेव्हा दुखतंच. मग एके दिवशी त्या उठल्या आणि गाडी शिकवणाऱ्या क्लासमध्ये नाव घालून आल्या. तिथल्या सगळ्या पोरापोरींत आजी शोभतील अशा त्या एकट्याच होत्या. पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, दुसऱ्या परीक्षेत परीक्षकालाच दोन नियम समजावून सांगून पास झाल्या.

त्यानंतर गाडी त्यांना कुठेही नेत असे. बाजारात, दवाखान्यात, मैत्रिणींकडे. फक्त लेकीकडे जायचं ठरवलं की सकाळी बॅटरी मेलेली. एकदा झालं, बाईंनी नवी बॅटरी घेतली. दुसऱ्यांदा झालं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या विसरभोळेपणाला दोष दिला. आज तिसरी खेप होती आणि उद्या सकाळी लेकीचं बाळंतपणाचं ऑपरेशन ठरलेलं होतं. जावई भर समुद्रात. लेक फोनवर एवढंच म्हणाली होती, "आई, या वेळी तरी ये गं." ते 'या वेळी तरी' बाईंच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

त्यांनी फिटरला फोन लावला.

फिटर म्हणजे त्यांचाच जुना विद्यार्थी. सातवीत सेल उलटे जोडून त्याने बाईंच्या हातची पट्टी खाल्ली होती आणि आता त्याच विद्येवर त्याचं पोट चाललं होतं. त्याने आल्या आल्या आपल्या गाडीची बॅटरी वायरींनी जोडून बाईंची गाडी सुरू करून दिली, मीटर लावला आणि मान हलवली.

"बाई, बॅटरी ठणठणीत आहे. चार्जिंगही बरोबर होतंय. म्हणजे गाडी उभ्याउभ्या करंट खातेय."

"कुठे खातेय?"

"ते शोधायला वेळ लागतो. आज मला बाहेरगावचं काम आहे. तुम्ही उद्या टॅक्सीने जा की. परत आलात की मी निवांत बघतो."

"टॅक्सीने जाता येईल रे," बाई म्हणाल्या, "पण मग ही गाडी त्यांचीच राहील."

फिटरला यातलं काही कळलं नाही, पण बाईंच्या आवाजातली पट्टी त्याने ओळखली. त्याने मुकाट्याने मीटर काढून त्यांच्या हातात दिला.

"सोपं आहे. बॅटरीची मायनसची वायर काढायची आणि मधे मीटर घालायचा."

"एकसर जोडणी. मला शिकवतोस?"

"तसं नाही, बाई. आता ऐका. सगळी दारं लावायची. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवा, पण त्याचं कुलूप पेचकसाने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला वाटतं दार लागलं. गाडीला फसवायचं. मग अर्धा तास थांबायचं. गाडी झोपते. झोपलेल्या गाडीचा आकडा शून्य पॉइंट शून्य तीन अँपिअरच्या आसपास हवा. जास्त आला तर एकेक फ्यूज उपटत जायचं. ज्या फ्यूजला आकडा पडेल, तो चोर." तो बॉनेटमध्ये वाकला. "झोपेत कोण जागं आहे ते बघायचं, बस."

वाकलेला असतानाच त्याने बॅटरीच्या टोकावर वायर आवळून धरणारा क्लॅम्प बोटाने चाचपला. "याचा नट बघा हो, पार गुळगुळीत झालाय. कोणीतरी वर्षानुवर्षं काढ-घाल केलेली आहे. साहेबांना बॅटरी साफ करायचा नाद होता का?"

"त्यांना दुसऱ्याकडून साफ करून घ्यायचा नाद होता," बाई म्हणाल्या. फिटर हसून निघून गेला. बाई हसल्या नाहीत. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे, ते त्यांना अजून दिसत नव्हतं.

पेट्रोल भरून, गाऊन घेऊन त्या परत आल्या. जेवल्या. दुपारी गॅरेजमध्ये उतरल्या आणि त्यांनी शटर पूर्ण खाली ओढलं. गाडीतला एखादा दिवा चुकून जागा राहत असेल तर तो दिसायला अंधार हवा. गॅरेजला खिडकी नव्हती. भर दुपार असूनही आत मिट्ट काळोख झाला. वरच्या घराकडे जाणाऱ्या जिन्याच्या दाराखाली उजेडाची एक बारीक रेघ उरली होती, तेवढीच. पेट्रोल, रबर आणि ओल्या सिमेंटचा वास. बाईंनी टॉर्चच्या उजेडात पकडीने वायर काढली, मीटर लावला, दाराचं कुलूप पेचकसाने दाबलं आणि उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून राहिल्या.

गाडी हळूहळू झोपली. आतून कसलेसे बारीक खटके आले, एक पंखा घरंगळत थांबला. मीटरचा आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली आला आणि ०.०३ वर स्थिरावला. निरोगी माणसाची नाडी जशी. बाईंना जरा निराशाच वाटली. चोर सापडायला आधी चोरी तर व्हायला हवी.

तेवढ्यात फोन वाजला. लेक होती.

"आई, निघशील ना?"

"निघणार म्हणजे काय! पहाटेच निघते. तू डोळे उघडशील तेव्हा मी समोर असेन."

बोलता बोलता बाईंची नजर मीटरकडे गेली. आकडा ०.८० होता.

त्यांनी फोन ठेवला. आकडा तिथेच होता. मग कोणीतरी सुस्कारा सोडून मागे टेकावं तसा तो सावकाश उतरला... आणि पुन्हा ०.०३.

दुसरं कोणी असतं तर तिथून उठलं असतं. बाई उठल्या नाहीत. जन्मभर त्यांनी मुलांना एकच गोष्ट घोकून घेतली होती: एकदा दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, पुन्हा करून बघा. त्यांनी घसा खाकरला आणि अंधारात, वर्गात बोलावं तशा स्वरात म्हणाल्या, "उद्या मी भाजी आणायला जाणार आहे."

०.०३.

"उद्या मी दवाखान्यात दात दाखवायला जाणार आहे."

०.०३. गाडी ढिम्म.

"उद्या मी माझ्या लेकीकडे जाणार आहे."

०.८०. अगदी झटक्यात, पापणी लवायच्या आत.

बाई ओठांवरून जीभ फिरवून म्हणाल्या, "बरं, राहिलं. नाही जात लेकीकडे." आकडा उतरला. "जाते." चढला. "नाही जात." उतरला. इतक्या आज्ञाधारकपणे तर कुठल्या पोराने कधी प्रयोग करून दाखवला नव्हता.

अंगावर काटा आला होता, पण काट्याच्या खाली काहीतरी तापायलाही लागलं होतं. बाई उठल्या. "जाते!" असं बजावून त्यांनी उघड्या दारातून हात घालून फ्यूजचं झाकण काढलं आणि चिमट्याने एकेक फ्यूज उपटायला सुरुवात केली. रेडिओचा. हॉर्नचा. आतल्या दिव्याचा. वायपरचा. उपटलेले फ्यूज त्या बादलीवर पसरलेल्या रुमालात टाकत होत्या आणि दर वेळी मान वळवून मीटर बघत होत्या. आकडा हलला नाही. शेवटचा फ्यूज निघाला. गाडीत आता करंट जायला एकही वाट उरली नव्हती. आकडा ०.८०.

आणि गाडीतला टपाचा दिवा लागला.

पिवळा, मंद, नेहमीसारखाच. त्याच्या उजेडात शेजारची सीट दिसली. रिकामी होती. पण सीटची गादी मधोमध दबलेली होती... आणि बघता बघता ती आणखी जराशी दबली. लवंगेचा वास आला.

टक, टक.

समोरच्या सामानाच्या कप्प्यावर, आतल्या बाजूने.

बाईंचे पाय जिन्याकडे वळले होते, हे खरं. त्या दोन पावलं गेल्याही होत्या. पण त्या ठोक्यांनी त्यांना थांबवलं. भीतीने नव्हे. ते ठोके ऐकून जन्मभर त्या गप्प बसल्या होत्या, आणि या क्षणीही तोंड आपोआप मिटलं होतं, याचा त्यांना भयंकर राग आला. माणूस गेला, अंगठी गेली, तरी विषय हेच संपवणार?

त्या वळल्या, वाकून आत हात घातला आणि कप्पा उघडला.

आत गाडीची कागदपत्रं होती, एक विझलेला टॉर्च होता आणि तळाशी साहेबांचा निळ्या काठाचा रुमाल होता. रुमालात काहीतरी जड बांधलेलं. बाईंनी गाठ सोडली. दहा नंबरचा पाना होता. छोटा, एकाच नटाच्या मापाचा, वापरून वापरून चकचकीत झालेला. ज्या माणसाने गाडीचं चाकसुद्धा कधी स्वतः बदललं नाही, त्याच्या रुमालात.

त्यांनी आपला टॉर्च घेतला, बॉनेटपाशी गेल्या आणि पाना क्लॅम्पच्या त्या गुळगुळीत नटावर ठेवला. बरोब्बर बसला.

आता सगळं दिसलं. लेकीच्या आजारपणात तिच्याकडे निघायच्या आदल्या रात्री साहेब "गाडी पुसून येतो," म्हणून खाली आले होते. लेकीच्या लग्नाच्या आदल्या रात्रीही आले होते, तिच्या नव्या घरी बोलावणं होतं त्याच्याही. गाडी कधी बंद पडलीच नव्हती. दर वेळी ते खाली यायचे, हा पाना काढायचे, वायर सैल करायचे, पाना रुमालात बांधून ठेवायचे आणि वर येऊन झोपायचे. सकाळी हळहळायचे. ती हळहळ आठवून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी वर्षं त्या गाडीला शिव्या घालत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या. "माझी पोर एकटी पडली होती तिथे. रक्ताने भिजलेली... आणि तुम्ही बॉनेट आपटून दाखवत होतात."

टक, टक.

"ठोका. हात दुखेपर्यंत ठोका. आज मी गप्प बसणार नाही."

त्यांनी बाह्या सरसावल्या. मीटर काढला, मग बॅटरीची दुसरी वायर, मग खालची पट्टी. टपाचा दिवा तसाच लागलेला होता. बॅटरीला आता काहीच जोडलेलं नव्हतं, तरी तो लागलेला होता. बाईंनी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. दोन्ही हातांनी बॅटरी उचलली. कंबरेतून कळ गेली. एकेका पायरीवर टेकवत, दम खात, स्वतःलाच दटावत त्यांनी ती जिन्यावरून वर नेली. मागून गाडीचं पलीकडचं दार उघडल्याचा आवाज आला, तेव्हा त्या अर्ध्यावर होत्या. त्यांनी मागे पाहिलं नाही. वर पोचल्यावर दार लावलं, कडी घातली आणि मग मात्र भिंतीला टेकून खाली बसल्या.

रात्री बॅटरी कुठे ठेवायची यावर त्यांनी फार विचार केला नाही. प्लास्टिकच्या परातीत घालून ती पलंगावर, साहेबांच्या बाजूला ठेवली. "घ्या," त्या म्हणाल्या, "आता इथे येऊन काढा वायर." स्वतःच्या या विनोदावर त्यांना हसू आलं. ते थोडं जास्तच वेळ चाललं. मग त्या पाना उशीखाली घेऊन झोपल्या, आणि आश्चर्य म्हणजे झोप लागली.

पहाटे उजाडता उजाडता त्यांनी खाली उतरून सगळे फ्यूज जागच्या जागी बसवले, बॅटरी जोडली, पाना पर्समध्ये टाकला. सीटची गादी सपाट होती. टपाचा दिवा विझलेला होता. किल्ली फिरवली तशी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि बाईंच्या जिवात जीव आला. शटर उघडून त्या बाहेर पडल्या. रस्ता ओला आणि मोकळा होता. शहर मागे पडलं, शेतं आली. त्यांनी काच थोडी खाली केली. एवढ्या वर्षांत त्या पहिल्यांदाच या रस्त्याला लागल्या होत्या आणि तोंडातून नकळत गुणगुणणं सुरू झालं होतं.

मोठ्या पुलावर चढताना गाडी वाजायला लागली.

टिंग... टिंग... टिंग...

बाईंना आधी कळेना. मग काट्यांच्या मधे एक लाल खूण उघडझाप करताना दिसली. पट्टा न लावलेल्या माणसाची. त्यांनी स्वतःचा पट्टा चाचपला. लावलेला होता.

शेजारच्या सीटची खूण होती ती. सीटवर वजन असल्याशिवाय ती लागत नाही.

लवंगेचा वास काचेच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यालाही हटेना. स्टिअरिंग त्यांच्या हातात किंचित डावीकडे ओढलं गेलं, कठड्याकडे... बाईंनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरून सरळ केलं. खाली पाणी काळं दिसत होतं. टिंग, टिंग, टिंग, आवाज घाईला आला होता. क्षणभर बाईंना वाटलं, थांबावं, वळावं, घरी जावं. घरी गेलं की सगळं शांत होईल, हे त्यांना माहीत होतं. जन्मभर ते त्यांना माहीतच होतं.

त्यांनी समोरच्या रस्त्यावरून नजर हलवली नाही.

"यायचंच असेल," त्या म्हणाल्या, "तर पट्टा लावा. आणि हात आपल्या मांडीवर ठेवा. गाडी मी चालवते आहे."

मग शेजारून पट्टा सरसरत ओढला गेला आणि 'खट्' करून लागला.

टिंगटिंग थांबली. बाईंनी वेग वाढवला.

नात झाली. दुपारी लेकीने डोळे उघडले तेव्हा बाई खरोखरच समोर होत्या. लेक आईचा हात धरून खूप वेळ रडली, आणि बाईंनी तिला रडू दिलं. गाडीतलं काही त्यांनी तिला सांगितलं नाही. गाडी हॉस्पिटलच्या मागच्या पटांगणात उभी होती. उतरताना त्यांनी बॉनेट उघडून पान्याने मायनसची वायर काढून ठेवली होती. "बसा आता अंधारात," एवढंच म्हणाल्या होत्या.

संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि खोलीत लवकर अंधारलं. लेकीला झोप लागली होती. पलंगाशेजारी काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या पाळण्यात नात होती, हातांत पांढरे कापडी मोजे घातलेली. बाई खिडकीचा पडदा ओढायला गेल्या आणि त्यांनी खाली पाहिलं.

पटांगणात त्यांच्या गाडीच्या टपाचा दिवा लागलेला होता.

त्या बघत असतानाच तो विझला. दार उघडलं की तो दिवा लागतो आणि दार लागलं की विझतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणजे जो कोणी होता, तो उतरला होता. दार लावून उतरला होता.

बाईंनी पर्समधून पाना काढला. खुर्ची उचलून, आवाज न करता, खोलीच्या दारात नेऊन ठेवली आणि दार अडवून तिच्यात बसल्या. बाहेरचा लांब बोळ रिकामा होता. औषधांचा, फिनेलचा वास होता. त्यात हळूहळू दुसरा एक वास मिसळला. पावलं ऐकू आली नाहीत. फक्त समोरच्या हवेत गारवा आला, आणि त्यांच्या डोक्याजवळ, दाराच्या चौकटीवर...

टक, टक.

"नाही," बाई म्हणाल्या.

टक, टक.

"एकदा मला माझ्या पोरीला मुकायला लावलंस. आता हिच्या वाऱ्यालासुद्धा उभा राहायचं नाहीस." उभ्या जन्मात नवऱ्याला त्यांनी अरे-तुरे केलं नव्हतं. आता ते तोंडातून इतकं सहज आलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "इथे तुला जागा नाही. खाली जाऊन बस."

बोळात काहीच हललं नाही. बाई पान्यावर मूठ आवळून बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने गारवा ओसरला. त्यांनी उठून खिडकीतून पाहिलं. खाली गाडीतला दिवा पुन्हा लागला होता, आणि मग सावकाश विझला.

"आई... कोणाशी बोलत होतीस?" लेकीने झोपेतच विचारलं.

"गाडीवाल्याशी. खाली थांब म्हटलं."

"बरं." लेक पुन्हा झोपली.

बाईंना एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं त्यांना लग्नाआधी कधीतरी वाटलं असेल. त्या पाळण्यापाशी आल्या. नात जागी होती. छताकडे टक लावून बघत होती, नवी माणसं बघतात तशी, जरा रागावून. बाई तिच्यावर वाकल्या आणि हसल्या.

नातीने उजवा हात उचलला आणि पाळण्याच्या कडेवर आपटला. दोनदा.

कापडी मोजा होता तो, मऊ, दुहेरी शिवणीचा. पण आवाज मात्र टक, टक असाच आला. कडक. धातूचा.

बाईंनी हात पुढे करून ती इवलीशी मूठ आपल्या मुठीत घेतली. "आपल्याकडे असं नाही करायचं हं, बाळा," त्या हळूच म्हणाल्या. "आपल्याकडे बोलायचं. वाटेल तेवढं बोलायचं."

मोज्याच्या आत, बोटाच्या मुळाशी, काहीतरी गोल आणि गार त्यांच्या तळहाताला लागत होतं. त्यांनी मूठ सोडली नाही.